घरी बांधलेल्या विमानाची पुढची काच: शीट कोणती, कापायची कशी, भोकं किती ढिली?

कापूसपट्टा (दारव्हा):
नमस्कार मंडळी. पंख वर असलेलं, नळ्यांच्या सांगाड्याचं, कापड चढवलेलं दोन सीटचं विमान बांधणं सुरू आहे. वेग साधारण १३० किमी/तास. नकाशात पुढच्या काचेला २ मिमी पॉलिकार्बोनेट सांगितलं आहे, सपाट शीट जागेवरच वाकवून बसवायची. खालची कड १ मीटर. सगळ्यात घट्ट वाक दाराच्या खांबाजवळ आहे, तिथे त्रिज्या २८० मिमी भरते. पेट्रोलच्या टाक्या दोन्ही पंखांच्या मुळाशी, म्हणजे काचेच्या वरच्या कोपऱ्यांना लागूनच.

नागपूरला साइनबोर्डवाल्यांकडे ३ मिमी अ‍ॅक्रिलिक लगेच मिळतं, ते चालेल का? कापायला जिगसॉ घेऊ की ग्राइंडर? ४ मिमी बोल्टला भोक किती मिमीचं पाडू? आणि शेड पत्र्याचं आहे, दुपारी आत भट्टी असते. काम आत्ता मे महिन्यात उरकू की थंडीपर्यंत थांबू?

रिबमेकर:
भाऊ, अ‍ॅक्रिलिकचा विषय इथेच सोडा. न तापवता वाकवायचं तर अ‍ॅक्रिलिकला जाडीच्या निदान २०० पट त्रिज्या लागते. ३ मिमीला ६०० मिमी. तुमची २८०. बसवताना कदाचित तुटणार नाही, पण ताण आत राहील आणि पहिल्या थंडीत भोकापासून तडा जाईल. पॉलिकार्बोनेटला १०० पट पुरते, २ मिमीला २०० मिमी, म्हणजे तुमचा वाक बसतो. हाच हिशेब उलटा लावा: "जरा जाड घेऊ, मजबूत राहील" म्हणून ३ मिमी पॉलिकार्बोनेट आणाल तर ३०० मिमी लागेल आणि वाक बसणार नाही. नकाशात २ आहे, २च घ्या. वजनही चौरस मीटरला २.४ किलो येतं, ३ मिमीचं ३.६.

विकत घेताना "पॉलिकार्बोनेट द्या" एवढंच म्हणू नका, नाहीतर गोठ्याच्या आणि ग्रीनहाउसच्या छपराची पोकळ कप्प्यांची शीट हातात येईल. भरीव, सपाट आणि यूव्ही थर असलेली मागा. साधी शीट आपल्या उन्हात पिवळी पडते आणि ठिसूळ होते. थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू शीटला चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर छापलेली असते. ती बाहेर ठेवायची. फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून आधीच फिल्मवर मार्करने "बाहेर" लिहून ठेवा. फिल्मसकट शीट उन्हात ठेवायची नाही. गोंद भाजला की फिल्म तुकड्या-तुकड्यानं निघते, अन् मग माणूस थिनर शोधतो. थिनर लागला की शीट गेली.

वऱ्हाडीपंख:
कापण्याबद्दल. आधी शीटला हात लावू नका. जाड पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा साचा करा, सांगाड्यावर क्लॅम्पनं लावा, वाकवा, मध्यरेषा खूण करा. पुठ्ठ्याला जिथे सुरकुती पडते तिथे शीटही नीट बसणार नाही, कारण सपाट शीट एकाच दिशेनं वाकते. दोन दिशांचा वाक हवा असेल तर सांगाड्याची नळी सुधारावी लागेल, शीट नाही. साच्यापेक्षा सगळीकडून १० मिमी जास्त ठेवून पहिला काप घ्या, शेवटचं माप जागेवर क्लॅम्प करूनच.

ग्राइंडर नको, पॉलिकार्बोनेट वितळून चकतीला चिकटतं. (अ‍ॅक्रिलिकला पातळ कटिंग चकती चालते, म्हणून हा सल्ला ऐकायला मिळतो.) जिगसॉला इंचाला १४ ते १८ दातांचं ब्लेड लावा, पुढे-मागे झोका देणारा खटका शून्यावर, वेग मध्यम. शीट दोन प्लायच्या मध्ये दाबा आणि रेघेपासून बोटभर अंतरावर क्लॅम्प लावा. २ मिमी शीट फडफडते, आणि कड फुटते ती त्या फडफडण्यानं. ब्लेड फिरायला लागल्यावरच शीटला टेकवायचं आणि काढताना थांबल्यावरच काढायचं. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जिगसॉ अडखळतो, ब्लेड ओढायला लागतं. अशा वेळी काप अर्धा सोडा, रेटू नका. आतला कोपरा असेल तिथे आधी ६ मिमी भोक पाडा आणि काप त्या भोकात संपवा. टोकदार आतला कोपरा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण.

घाटंजीकर:
२ मिमीला जिगसॉ काहून? पत्रा कापायची चांगली धारदार कात्री घ्या. रेघेपासून ३ मिमी बाहेरून कापा, उरलेलं कानशीनं. गरम होत नाही, फडफडत नाही, वीज गेली तरी काम चालू. फक्त कात्रीची दोन पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत. प्रत्येक घाव मिटला की टोकाशी बारीक चीर राहते, ती कानशीत पूर्ण निघालीच पाहिजे.

कडेचं काम मात्र सगळ्यांना सारखंच: कानस, मग १८०, ३२०, शेवटी ४०० चा पाण्याचा पेपर, कडेच्या लांबीनं घासायचा, आडवा नाही. नख कडेवरून फिरवा. अडकलं तर तिथून तडा जाणार, परत घासा. दोन्ही बाजूंच्या धारा थोड्या मारून टाका.

रिबमेकर:
कात्री मान्य, बाहेरच्या वळणांना. आतल्या कोपऱ्यांना नाही.

मिलीमीटर:
भोकांचा हिशेब. पॉलिकार्बोनेट अंशाला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं, स्टीलची नळी ०.०१२. फरक ०.०५८. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे ८ अंश, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाची काच ७० पर्यंत गेली असं धरा. एकूण ६२ अंश, म्हणजे १ मीटरच्या कडेला सांगाड्याच्या मानानं सुमारे ३.६ मिमी हालचाल. ती बोल्टनं अडवली तर शीट फुगते किंवा भोकाशी फाटते.

म्हणून मधल्या बोल्टला भोक नेमकं, ५ मिमी, त्यानं शीट जागेवर राहते. बाकी सगळी भोकं बोल्टपेक्षा ३ मिमी मोठी: ४ ला ७. वॉशर रुंद, १५ मिमीच्या वरचा, खाली निओप्रीनची (मऊ रबराची) चकती. भोकाच्या मध्यापासून कड निदान भोकाच्या दुप्पट लांब, इथे १५ मिमी ठेवा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा) हातघट्ट झाला की एक पूर्ण फेरा मागे. खोलगट डोक्याचा स्क्रू अजिबात नको, तो पाचरीसारखा भोक फाकवतो. पॉप रिव्हेटही नको, ते भरताना फुगून भोकात जाम बसतात.

हंगामाबद्दल: थंडीपर्यंत थांबू नका, पण दुपारीही नको. सकाळी ७ ते ९, शीट रात्रभर शेडमध्येच. मापं आणि भोकं २८-३० अंशाला झाली की ढिलेपणा दोन्हीकडे पुरतो. भर दुपारी गच्च बसेल अशी कापलीत तर थंडीत कडेला फट पडेल. पहाटेच्या थंडीत गच्च कापलीत तर मे महिन्यात पोट काढेल.

भोक पाडताना: पायलट म्हणजे पहिलं बारीक भोक ३ मिमी, शीटमागे लाकूड दाबून, मध्यापासून दोन्ही टोकांकडे, एक पाडलं की त्यात एक क्लिको (शीट तात्पुरती धरून ठेवणारी स्प्रिंगची खिळी). सगळी झाल्यावर शीट उतरवून पायऱ्यांच्या ड्रिलनं ७ पर्यंत. कटिंग ऑइल नाही, लागलंच तर साबणाचं पाणी.

कापूसपट्टा:
समजलं. सीलबंद करायला सिलिकॉन आणि नट सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद)?

घाटंजीकर:
थ्रेडलॉकर कधीच नाही, ओला थेंब लागला तर वाकवलेल्या पॉलिकार्बोनेटला तडे जातात. म्हणून तर नायलॉक. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल घ्या. मऊ पीव्हीसीची पट्टीही नको, तिच्यातलं तेल शीटमध्ये उतरतं. ईपीडीएम रबर किंवा निओप्रीनची घ्या. अमोनियाचा काचेचा स्प्रे नाही, फक्त पाणी आणि सौम्य साबण. आणि आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या. कोरड्या दुपट्ट्यानं पुसलं की पहिल्याच दिवशी रेघा.

तुमचा खरा धोका टाकी आहे. ताणलेल्या शीटवर पेट्रोल ओघळलं की केसासारख्या भेगा काही मिनिटांत दिसतात. टाकीचा जोड काचेच्या वर येत असेल तर खाली पन्हळीसारखी पट्टी द्या, ओघळ काचेऐवजी बाहेर गेला पाहिजे. त्याच शेडमध्ये फवारणीचा पंप आणि औषधं ठेवत असाल तर ती हलवा. बऱ्याच कीटकनाशकांत झायलीनसारखा द्रावक असतो.

मिलीमीटर:
बसवल्यावर ताण पाहायचा असेल तर लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. वाकाभोवती सौम्य रंग दिसणारच, ते ठीक. पण एखाद्या बोल्टभोवती रंगांची दाट वर्तुळं दिसली तर तो बोल्ट शीट दाबतोय. नट ढिला करा. वर्तुळं तशीच राहिली तर भोक सरकलंय, अर्धा मिलिमीटर गोल कानशीनं वाढवा आणि परत बघा.