मदत हवी आहे: पाणथळ जागेतून निसर्गवाट, हरकत कशी लिहावी?

ठाणे खाडीलगतच्या आमच्या पाणथळीतून निसर्गवाट काढायचा प्रस्ताव लवकरच महापालिकेच्या महासभेपुढे येतोय. मुलांनी ही जागा जवळून पाहावी असं मलाही मनापासून वाटतं. पण वाट भराव टाकून केली तर भरतीचं पाणीच अडेल. शिवाय भरतीला चिखलपट्टे बुडले की रोहित पक्षी विसाव्याला इथेच येतात, आणि वाट नेमकी त्यांच्या मधूनच जाते.

माहिती अधिकारात आराखडा मागितला, फक्त रंगीत संकल्पचित्र मिळालं. नगरसेवकांना भेटलो, त्यांच्याकडेही तेवढंच आहे. २०१९ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना वाचली. सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या सर्वांत संवेदनशील किनारी भागात, निसर्गवाटेला मुभा आहे, पण मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात पर्यटन योजना असेल तरच. कडेला कांदळवन आहे, त्यामुळे उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालातला कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा बांधकाममुक्त पट्टाही लागू होतो असं मी धरतोय.

वकील लावायची ऐपत नाही, आणि प्रकल्प बंद पाडायचा नाही. वाट काठावरून, खांबांवर उचललेली हवी.

अशी हरकत कुणी दिली आहे का? ती महासभेपुढे द्यावी, की थेट किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे? आणि मार्ग बदलण्यासाठी कोणता मुद्दा पहिला मांडावा: भरतीचा प्रवाह, पक्षी की पर्यटन योजनेचा अभाव?