१९९१ ची माझदा मियाटा (१.६), सव्वा लाखाच्या वर मैल झालेत, इंजिन ऑइल कुठलं टाकू?

एडिसनकर_९१
नमस्कार मंडळी, कॉलेजपासून डोक्यात असलेली गाडी शेवटी घेतली एकदाची. १९९१ ची मियाटा, लाल, १.६ इंजिन, ५ गिअर मॅन्युअल, ते उघडझाप होणारे हेडलाइट वगैरे सगळं ओरिजिनल. ओडोमीटर १ लाख २८ हजार मैल. आधीचे मालक म्हातारे गृहस्थ होते, २०१४ पर्यंतच्या सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार फाइल केलेल्या आणि त्यानंतर एकदम काहीच नाही, त्यामुळे आत्ता आत कुठलं तेल आहे ते देवालाच माहीत.

प्रॉब्लेम असा की सकाळी स्टार्ट केलं की इंजिनच्या वरच्या भागातून टिक टिक टिक आवाज येतो, गरम झाल्यावर बराच कमी होतो पण पूर्ण जात नाही, सिग्नलला छप्पर उघडं ठेवून उभं असलो की ऐकू येतोच. शिवाय इंजिनच्या मागे, गिअरबॉक्स जोडलाय तिथे खाली तेलाचा ओलावा आहे आणि गराजमध्ये सकाळी रुपयाएवढा डाग दिसतो.

आता तेल बदलायचंय तर नेटवर वाचून डोकं भंजाळलंय राव. एक जण म्हणतो मॅन्युअलमधलंच टाक, दुसरा म्हणतो आजकालच्या तेलात झिंक नसतं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाऊन टाकेल, तिसरा म्हणतो डिझेल ट्रकचं तेल टाक. जवळच्या एका ऑइल चेंजवाल्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे जुनी गाडी ना, २०डब्ल्यू-५० घाला, आवाजबिवाज सगळं बंद. बाबांना पुण्याला फोन केला तर ते पण त्याच्याच बाजूने, "आपल्या पद्मिनीत कायम जाडच तेल असायचं."

वापर म्हणाल तर शनिवार-रविवार, इथे न्यू जर्सीत रूट २९ ने डेलावेअर नदीच्या काठाकाठाने लॅम्बर्टविल, फ्रेंचटाउन असं. ट्रॅकवर नेणार नाही. डिसेंबर ते मार्च गाडी गराजमध्येच. तर ग्रेड कुठला घेऊ, सिंथेटिकने गळती वाढते हे खरं का, आणि झिंकचं काय?

नटबोल्ट_नाशिक
अभिनंदन. आधी डिपस्टिक बघितलीस का? गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. हसू नको, टिकटिकीच्या निम्म्या केसेस तिथेच संपतात. तेल खालच्या खुणेच्या आसपास असलं की पंप वळणावर हवा ओढतो आणि ती हवा जाते थेट टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तेलाने भरणाऱ्या भागात.

बाबांचं चुकलं नाही हो, पद्मिनीच्या इंजिनाला आणि पुण्याच्या उन्हाळ्याला ते बरोबरच होतं. पण ते जुनं पुशरॉडवालं इंजिन, हे डबल ओव्हरहेड कॅमचं १६ व्हॉल्व्हचं ७००० आरपीएमपर्यंत फिरणारं जपानी इंजिन. तिथलं औषध इथे नको.

तेलकट_हात
ह्यूस्टनहून. माझ्याकडे ९३ ची आहे, हेच इंजिन, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बस.

टिकटिक म्हणजे एचएलए, हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर. तुझ्या इंजिनात असे १६ आहेत, प्रत्येक व्हॉल्व्हवर एक. कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट भरून काढणं एवढंच त्यांचं काम, म्हणून या गाडीत टॅपेट सेटिंग करावं लागत नाही. आत बारीकशी खोली असते, ती तेलाच्या प्रेशरने भरते आणि एक छोटी गोळी ते तेल आत अडवून धरते. त्या गोळीखाली काजळी, चिकटा बसला किंवा तेलात हवा असली की अ‍ॅडजस्टर दबतो, फट राहते, कॅम येऊन आपटतो, टिक. स्टार्ट केल्यावर काही सेकंद वाजलं तर दुर्लक्ष कर, रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं. गरम झाल्यावरही वाजतंय म्हणजे बहुतेक आत घाण आहे, आणि दहा वर्षांचा हिशोब नसलेल्या गाडीत ती असणारच. (९९ पासूनच्या दुसऱ्या पिढीत माझदाने हे अ‍ॅडजस्टर काढूनच टाकले, तिथे तेलाने न भरणारे सॉलिड लिफ्टर आहेत. त्यामुळे त्या गाड्यांचे सल्ले वाचून इकडे लावू नको.)

आता २०डब्ल्यू-५०. डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत तेल कसं वागतं त्याचा, दुसरा १०० डिग्रीला किती जाड राहतं त्याचा. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली कशी उलटी धरून बसावं लागतं, तसं २०डब्ल्यू तुझ्याकडे नोव्हेंबरच्या सकाळी होणार. एवढं गोठणार नाही पण पंपाला जड जाणार, आणि ते बारीक छिद्रांतून एचएलएपर्यंत पोचेस्तोवर कॅम कोरडाच घासतोय. प्रेशरचा काटा मस्त वर दिसेल, त्याने लोक खुश होतात, पण प्रेशर जास्त म्हणजे तेल जास्त पोचतंय असं नाही, उलट जाड तेल ढकलायला त्रास होतो म्हणूनच प्रेशर वाढतं. आवाज दबेल कदाचित. रोग तिथेच.

आणि एक, ९१ च्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे, नशीबवान आहेस. ९५ पासून त्यांनी नुसता दिखाऊ काटा लावला, प्रेशर असलं की मध्यभागी जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. तुझा काटा गरम इंजिनला आयडलवर कुठे असतो आणि ३००० आरपीएमला कुठे जातो ते बघून इथे लिही, त्यावरून ग्रेड सांगता येईल. जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय मिळाले की झोप लागायला हरकत नाही.

माझं मत: पहिला राउंड साधं १०डब्ल्यू-३० नाहीतर ५डब्ल्यू-३०, हाय मायलेजवालं (जास्त चाललेल्या गाड्यांसाठीचं), चांगला फिल्टर, आणि हजार-दीड हजार मैलांतच काढून टाकायचं. महागातलं घेऊ नको, ते धुवायला टाकतोयस. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. एवढं करून टिकटिक राहिली तर ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. मियाटावाल्यांत शेल रोटेला टी६ ५डब्ल्यू-४० फार चालतं, ट्रकचंच तेल आहे, त्यात डिटर्जंट दणकून असतात, हळूहळू चिकटा सोडवतं. फक्त डब्याच्या मागे पेट्रोल इंजिनचा एस वर्ग (एपीआय दर्जा, एस ने सुरू होणारा, उदा. एसपी) पण छापलाय का ते वाचून घे, सगळ्या डिझेल तेलांवर तो नसतो. ते इंजिन फ्लशचे पाच मिनिटांत चमत्कार करणारे डबे मात्र घेऊ नको, एवढ्या वर्षांची घाण एका झटक्यात सुटली तर जाऊन बसते पंपाच्या जाळीत.

स्लाऊची_रोडस्टरवाली
मी इंग्लंडमध्ये, माझी ९२ ची जपानहून आलेली यूनोस रोडस्टर, म्हणजे तुझीच गाडी, नाव वेगळं. वरच्या सगळ्याला अनुमोदन, मी फक्त गळतीचं बोलते.

मागून ओलं दिसलं की सगळे मेकॅनिक म्हणतात रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील), गिअरबॉक्स उतरवा, आणि मोठ्ठं बिल. थांब. इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) तोंड करून कॅम अँगल सेन्सर असतो, त्याला एक रबरी ओ-रिंग असते, तीस वर्षांत ती प्लास्टिकसारखी कडक होते. तिथून तेल बेलहाउसिंगवरून (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावरून) ओघळत बरोबर तिथेच उतरतं जिथे रिअर मेन सीलचं उतरेल. सेन्सरखाली हात घाल, बोटं तेलकट झाली तर चोर सापडला. ओ-रिंग चिल्लर पैशात येते. काढायच्या आधी सेन्सर आणि हेड मिळून पांढऱ्या पेनाने एक रेघ मार, कारण तो फिरवला की इग्निशन टायमिंग बदलतं. त्या तेलाने हीटरचे पाइप पण फुगून मऊ पडतात, तेही चेपून बघ. दुसरा संशयित कॅम कव्हरचं गॅस्केट, तेही घरी होतं.

सिंथेटिकने गळती वाढते ही सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांची बदनामी आहे, त्याने सील आकसायचे. आता सील फुगतं राहावं म्हणून त्यात घटक घातलेले असतात. होतं काय की चिकट्याने बुजलेली फट चांगल्या तेलाने साफ होते आणि मग लोक म्हणतात सिंथेटिकने गळायला लागली. आधीच गेलेली ओ-रिंग होती ती.

झिंकझिंक
डिसअ‍ॅग्री. तुम्ही सगळे झिंकचा मुद्दा बाजूला टाकताय. १९९१ मध्ये मॅन्युअलने एपीआय एसजी दर्जाचं तेल मागितलंय, त्या काळच्या तेलात फॉस्फरस (झिंकच्या जोडीनेच येतो) १००० च्या वर पीपीएम असायचा. अलीकडच्या एसपी दर्जाच्या ५डब्ल्यू-३० मध्ये ८०० ची कमाल मर्यादा. माझ्या ६८ च्या मस्टँगला मी झेडडीडीपीची (झिंक-फॉस्फरसचं झीज रोखणारं रसायन) बाटली घातल्याशिवाय तेल बदलत नाही. या मुलाची पण जुनीच गाडी आहे ना?

तेलकट_हात
आकडे बरोबर आहेत, गाडी चुकीची आहे 😄

झिंकची ओरड झाली ती तुमच्यासारख्या जुन्या अमेरिकन व्ही८ वरून. फ्लॅट टॅपेट, पुशरॉड, वर कोणी आफ्टरमार्केट कॅम आणि दणकट स्प्रिंग बसवलेल्या, नवा कॅम रुळतानाच झिजून जायचा. मस्टँगला घाला बाटली, मी अडवणार नाही. मियाटात स्प्रिंग त्यामानाने मऊ आणि कॅम कधीच रुळलेला, शिवाय एसपीला कॅमची झीज तपासणारी टेस्ट पास व्हावीच लागते. झिंक कमी झालं म्हणून संरक्षण तेवढंच कमी झालं असं नसतं, बाकीची रसायनं पण बदललीत ३० वर्षांत.

आणि ती ८०० ची मर्यादा २० आणि ३० च्या ग्रेडना आहे, ४० ला नाही. म्हणजे ज्याला झिंकची फारच काळजी त्याने ५डब्ल्यू-४० घ्यावं, डिझेलवाल्या सीके-४ दर्जाच्या तेलात तर १२०० पर्यंत चालतं. वरून बाटली ओतायची गरज नाही, तेल बनवणाऱ्याने जमवलेलं प्रमाण आपण गराजमध्ये कशाला बिघडवा. जास्त फॉस्फरस जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचीही वाट लावतो, आणि ही गाडी तेल पीत असेल तर ते आणखी लवकर.

एडिसनकर_९१
वा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. डिपस्टिक बघितली, दोन खुणांच्या मध्ये, तेल काळंकुट्ट. काटा गरम असताना आयडलला ३० च्या किंचित खाली, ३००० ला ५५-६० च्या मध्ये कुठेतरी. सेन्सरखाली हात घातला तर बोटं काळी! रोडस्टरवाली ताई, तुमचे शतशः आभार, मेकॅनिकने मला आधीच रिअर मेन सीलचं कोटेशन देऊन ठेवलं होतं, आता आधी ओ-रिंग मागवतो.

शेवटचे दोन प्रश्न. ५ क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) कॅन आणलाय १०डब्ल्यू-३० चा, पूर्ण लागेल का? आणि हिवाळ्यात गाडी ठेवताना जुनं तेल ठेवून मार्चमध्ये बदललं तर चालेल ना, नवं तेल उगाच चार महिने पडून राहील?

नटबोल्ट_नाशिक
प्रेशर ठणठणीत आहे, म्हणजे बेअरिंग चांगली. जाड तेलाचा विषय संपला. १०डब्ल्यू-३० पुरे.

मार्चमध्ये नको, ठेवायच्या आधी बदल. वापरलेल्या तेलात ओलावा आणि अ‍ॅसिड असतं, ते चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायचं कशाला? नवं तेल बंद इंजिनात पडून नासत नाही. आणि हिवाळ्यात मधेच "जरा स्टार्ट करून बघू" म्हणून पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय लावून घेऊ नको, इंजिन गरम होत नाही आणि आत नुसतं पाणी साठतं. बॅटरीला टेंडर (चार्ज टिकवणारा छोटा चार्जर) लाव आणि विसरून जा.

तेलकट_हात
अख्खा कॅन ओतू नको! फिल्टरसकट साडेतीन क्वार्टच्या आसपास बसतं. तीन ओत, स्टार्ट करून मिनिटभर चालव, बंद कर, थांब, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं वरच्या खुणेपर्यंत. जास्त झालं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेस म्हणजे पुन्हा एचएलएमध्ये हवा.

फिल्टरची मानसिक तयारी ठेव. पॅसेंजर साइडला इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलाय, वरून हात जातो पण कोपर वळत नाही, खालून दिसतो पण पाना बसत नाही. इंजिन कोमट असताना कर, कडकडीत गरम असताना नाही, त्या गल्लीत मनगट भाजलं नाही असा मियाटावाला मला अजून भेटलेला नाही. फिल्टर सुटला की तेल मनगटावरून थेट बाहीत येतं, जुना शर्ट घाल. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरव, हातानेच घट्ट कर, आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते टॉर्च मारून बघ. दोन रबरं एकावर एक बसली तर सगळं तेल रस्त्यावर.

आणि हो, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ४००० च्या वर नेऊ नको, पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तेल त्याच्या बरंच मागे असतं. १०डब्ल्यू-३० तेल ४० डिग्रीला साधारण ६५-७० सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) आणि १०० ला १० च्या आसपास, इतका फरक आहे.

स्लाऊची_रोडस्टरवाली
तू ९१ म्हणालास म्हणून विचारते. खाली शिरणारच आहेस तर पुढे क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोज. चार असतील तर शॉर्ट नोज क्रँक (पुढचं टोक आखूड, पुलीची पकड कमजोर), आठ असतील तर नंतरचा सुधारलेला. ९१ च्या मध्यावर तो बदल झाला, तुझी कुठल्या बाजूची आहे ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. चार निघाल्या तरी घाबरू नको, पण पुढच्या वेळी टायमिंग बेल्टचं काम निघालं की तो पुलीचा बोल्ट कोणालाही खोलायला देऊ नको, आधी इथे येऊन विचार. मोजून फोटो टाक.