हर्णै दुपारनंतर ठेवा
दापोलीहून हर्णै, आंजर्ले, केळशी ही किनाऱ्यावरची गावं एका दिवसात म्हणजे नुसती धावपळ, असं काही जण म्हणतात, ते पटतं. पण केळशी गाळली की दिवस ऐसपैस होतो. आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला मित्राकडे उतरलो होतो. वहिनींनी आंबोळ्या खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे निघालोच उशिरा. आधी आंजर्ले केलं. तिथल्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळापासून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला काय सुरेख दिसतो!

आता सांगायचं ते हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाबद्दल. होड्या लागल्या की किनाऱ्यावरच मासळीची बोली सुरू होते. ढीग मोठे असतात, घरापुरती हवी तर बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यावी. घासाघीस तिथल्या एखाद्या मित्रावर सोपवा, आपला शहरी सूर लगेच ओळखू येतो. जून-जुलैत मात्र मासेमारीबंदी असते.