शनिवारचा शो आणि नंतरचा चहा : तुमचेही अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमचा दादरचा एक ग्रुप आहे, चौदा-पंधरा जण. दर शनिवारी संध्याकाळी एकत्र सिनेमा बघायचा, कधी प्लाझा, कधी सिटीलाइट, कधी मल्टिप्लेक्स, आणि शो सुटला की जवळपास कुठेतरी चहा-खाणं करत बसायचं, एवढाच कार्यक्रम. नियम एकच, चहा टेबलावर येईपर्यंत सिनेमाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. का, तर बाहेर पडता पडता जो मोठ्याने "भंगार" किंवा "मास्टरपीस" म्हणतो त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं, आणि जी माणसं हळू बोलतात त्यांना काय वाटलं ते कधी कळतच नाही. ती दहा-पंधरा मिनिटं गप्प चालत जायचं. सुरुवातीला फार अवघड गेलं, आता मला सिनेमापेक्षा ते चालणं आवडतं.

घरबसल्या मोबाईलवर सगळं मिळत असताना तुम्ही अजून कोणासोबत जाता, कुठे जाता, नंतर काय होतं, हे वाचायचंय. मोठं लिहा, लहान लिहा, पण स्वतःचं लिहा.

• डोंबिवली

आता डोंबिवलीत आहे पण मूळचा गिरगावकर. प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, म्हणजे फक्त सभासदांना सिनेमे दाखवणारी संस्था, १९६८ ची, आणि सत्तरच्या दशकात आम्ही पोरं फिल्म सोसायटीच्या खेळांना जायला लागलो. तिकीट नसायचं, मेंबरशिपचं कार्ड दाखवायचं. प्रिंट कधी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधून यायच्या, कधी एखाद्या वकिलातीकडून, गोल पत्र्याच्या डब्यांत. ते डबे टॅक्सीतून उतरवून वर नेणं हे मानाचं काम होतं आमच्यासाठी. १६ मिलिमीटरचा एकच प्रोजेक्टर असला की रीळ संपल्यावर दिवे लागायचे, दुसरं रीळ चढेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची, आणि त्या चार-पाच मिनिटांत शेजारच्या अनोळखी माणसाशी जे बोलणं व्हायचं त्यातून माझे दोन आयुष्यभराचे मित्र झाले. एकदा चौथ्याच्या आधी पाचवं रीळ लागलं, सबटायटल्स नव्हती, कुणालाच पत्ता लागला नाही, शेवटी एका बाईंनी उभं राहून सांगितलं की हा माणूस मघाशी दाढीवाला होता. मग चौथं लावलं, पाचवं परत लावलं आणि सगळे थांबले, एकही जण उठला नाही.

एक खंत पण लिहितो. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट असायची, म्हणून काही लोक फक्त तेवढ्यासाठीच मेंबर व्हायचे आणि हवा तो सीन झाला की खुर्च्या वाजवत निघून जायचे. मला त्याचा तेव्हा राग यायचा आणि अजूनही येतो.

• विरार

मी लहानच लिहिते. आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्या चर्चगेटच्या आसपास नोकरीला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की रीगल नाहीतर मेट्रो, आणि मग रात्रीची विरार फास्ट, लेडीज डब्यात दारापासच्या जागेत घोळका करून. आमची खरी चर्चा अंधेरी ते बोरिवली होते कारण तिथपर्यंत बसायला जागा झालेली असते. एकटीने रात्रीचा शो मी कधीच बघितला नसता, घरून परवानगीच नव्हती. सहा जणी आहोत म्हटल्यावर आई म्हणाली जा.

• मुलुंड

मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही दोघं लग्न झाल्यापासून दर आठवड्याला नाही तरी पंधरा दिवसांनी सिनेमाला जायचो, तिकीट काढणं, जागा शोधणं, इंटरव्हलला वडे आणणं सगळं हेच करायचे आणि मी नुसती बसायचे. हे गेल्यावर वर्षभर मी थिएटरची पायरी चढले नाही. मुलगी म्हणाली आई लायब्ररीतल्या बायकांचा ग्रुप जातो तू पण जा, मी नाही म्हणत राहिले, शेवटी गेले. सिनेमा काय होता ते खरंच आठवत नाही. इंटरव्हलला सगळ्या उठल्या, मी तशीच बसून, कारण पर्स, छत्री आणि भाजीची पिशवी घेऊन बाथरूमला कसं जायचं हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला होता. शेजारची मुलगी, ग्रुपमधली नवीनच, पंचविशीची असेल, म्हणाली काकू द्या इकडे पिशवी, मी बसलेय, तुम्ही जाऊन या. बस एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले तर तिने माझ्या खुर्चीवर वडा ठेवला होता, चटणी वेगळी. आता दर आठवड्याला मी तिच्यासाठी जागा धरते कारण तिला ऑफिसातून यायला उशीर होतो, आणि अंधारात ती येऊन बसली की मी तिला पाच मिनिटांची स्टोरी कानात सांगते.

• पार्ले

सगळं गोडच लिहिलं जातंय म्हणून माझंही लिहितो. मी एका ग्रुपमध्ये सहा-सात महिने होतो, नाव घेत नाही. तिथे सिनेमानंतर चर्चा व्हायची पण बोलायचे तिघंच, आणि आपण काही म्हटलं की "तू त्या दिग्दर्शकाचे आधीचे बघितलेस का" असा प्रश्न यायचा. नसतील बघितले. माझा बाप बेस्टमध्ये कंडक्टर होता आणि सिनेमात कंडक्टरचं जे दाखवलं होतं ते चुकीचं होतं, एवढंच मला सांगायचं होतं, ते सांगायला मिळालं नाही. मी जाणं सोडलं. वर तो चहा येईपर्यंत गप्प राहायचा नियम वाचला आणि वाटलं, हे तिथे असतं तर मी अजून जात असतो.

(धागाकर्ता: दादा, कंडक्टरचं काय चुकीचं होतं ते इथे लिहा, मला खरंच ऐकायचंय.)

पार्ले परत: तिकिटाचे पंच. ड्रायव्हर-कंडक्टर दाखवताना चिमटा नुसता टकटक वाजवत फिरतात. माझा बाप बस कितीही भरली असली तरी आधी बोटाने तिकिटाची कड चाचपून मग पंच मारायचा, नाहीतर टप्पा चुकतो. घरी आल्यावर त्याच्या बोटांना शाईचा आणि सुट्या पैशांचा वास यायचा. ते सिनेमात नाही आलं.

• लालबाग

वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. भारतमाता टॉकीज म्हणजे त्यांचं दुसरं घर, तिसरी पाळी करून सकाळी झोपायचे आणि दुपारचा शो गाठायचे. आता ऐंशीच्या पुढे आहेत, डावा कान पूर्ण गेला, उजव्याने थोडं येतं. मी त्यांना आमच्या ग्रुपमध्ये घेऊन जातो. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला खाली इंग्रजी सबटायटल्स असतात, चांगली गोष्ट आहे, अमराठी लोक येतात. पण माझ्या बापासारख्या माणसाचं काय, ज्याला मराठी वाचता येतं पण ऐकू येत नाही? मराठीच अक्षरं का नाही देत खाली? हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो आणि बोलत राहणार.

ग्रुपची माणसं मात्र सोन्यासारखी. चहाला बसताना न सांगता सगळे त्यांच्या उजव्या हाताला बसतात, मग टेबल एका बाजूला झुकल्यासारखं दिसतं, डावीकडे फक्त मी. एकेक जण सिनेमातले महत्त्वाचे संवाद त्यांना परत म्हणून दाखवतो. मागच्या महिन्यात त्यांनी दोन संवाद ऐकून सांगितलं की हे रडत रडत बोलला असेल तर चूक, हे तर माणूस हसून बोलतो. आणि सिनेमात तो नट खरंच हसून बोलला होता.

• बोरिवली

जे नवीन ग्रुप करू बघतायत त्यांच्यासाठी कामाचं लिहितो, मी चार वर्षं बुकिंग बघतोय. पैसे आधी घ्या, नंतर मागताना मैत्री तुटते. मंगळवार-बुधवारच्या सवलती बघत जा. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर ७५ रुपयांत तिकीट होतं तेव्हा आमच्या अठरा जणांत पाच असे होते ज्यांनी मल्टिप्लेक्स आतून कधी बघितलं नव्हतं, म्हणजे तिकिटाचा दर हा केवढा मोठा दरवाजा आहे बघा. आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पेनड्राइव्ह लावून सिनेमा दाखवायचा मोह होतो, पण ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची परवानगी घेतल्याशिवाय करू नका. छोट्या मराठी निर्मात्यांना आम्ही थेट फोन केले, दोघांनी आनंदाने हो म्हटलं, एक तर स्वतः आला आणि रात्री साडेअकरापर्यंत बसला.

• माटुंगा

आमचा एक मंगळवार असा की सिनेमा झालाच नाही. २९ ऑगस्ट २०१७. तिकिटं काढलेली, आणि दुपारपासून जो पाऊस लागला तो लागलाच, हिंदमाताला छातीएवढं पाणी, लोकल बंद. आठ जण आधीच दादरला पोचलेले आणि घरी जायची सोय नाही. ग्रुपमधल्या एका मावशींचं घर शिवाजी पार्कला, तिकडे गेलो, घरात गणपती बसलेले, सगळे चिंब. त्यांनी सगळ्यांना कोरडे कपडे दिले, मला त्यांच्या मुलाचा कॉलेजचा टीशर्ट आला. खिचडी, पापड, प्रसादाचे मोदक. मग कुणीतरी म्हणालं की आज प्रत्येकाने आपण थिएटरात बघितलेला पहिला सिनेमा सांगायचा, पण कथा नाही, कोणी नेलं आणि परत कसे आलो तेवढंच. पहाटे चारपर्यंत चाललं. एकाला आजोबांनी खांद्यावर बसवून आणलं होतं. मावशी शेवटी बोलल्या, चित्रा टॉकीजला त्यांना बघायला आलेला मुलगा त्यांना सिनेमाला घेऊन गेला होता, सोबत दोन्हीकडची सात माणसं. २०१९ च्या मे महिन्यात चित्रा बंद झालं तेव्हा आम्ही सगळे मावशींना घेऊन तिथे जाऊन आलो. त्या समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभ्या होत्या आणि आम्हीही काही बोललो नाही.

• घाटकोपर

नुसती वाचत होते. मी कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेय, चार महिने झाले, इथे कोणी ओळखीचं नाही. धागाकर्ते दादा, एकटीने आलं तर चालेल का? मला सिनेमातलं फार कळत नाही.

धागाकर्ता: अगं ये की. शनिवारी पावणेसहाला प्लाझाच्या दारात, कोतवाल गार्डनच्या बाजूला. जांभळी छत्री घेतलेल्या एक आजी असतील, त्यांना आधी भेट, त्या सगळ्यात लवकर येतात आणि नवीन माणसाला स्वतःजवळच बसवतात. परतीला आमचे दोघं सेंट्रलनेच जातात, एक विक्रोळीला उतरतो आणि एक ठाण्यापर्यंत. तिकीट मी काढून ठेवतो. आणि चहा येईपर्यंत बोलायचं नाही हं.