डार्विनचा पावसाळा आणि कॅनव्हास
कॅनव्हासच्या कॅम्पर ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा ट्रेलर) नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात राहता येईल का, या प्रश्नावर सगळे गळतीबद्दलच बोलताहेत. गळती ताडपत्रीने थांबते हो, खरा त्रास दमटपणाचा. ताडपत्री कॅनव्हासला टेकू देऊ नका, मध्ये अंतर ठेवून ताणा म्हणजे वारा खेळतो. गादीखाली फटी असलेल्या फळ्या हव्यातच, नाहीतर खालून बुरशी धरते. स्वयंपाक बाहेर, आडोशाला. ओला कॅनव्हास घडी करावाच लागला, तर पहिलं ऊन पडताच उलगडा.

आणि चक्रीवादळाचा इशारा आला की ट्रेलरमध्ये थांबू नका, कळकळीची विनंती आहे. १९७४ च्या डिसेंबरात ट्रेसी वादळाने तिथली बहुतेक घरं उद्ध्वस्त केली होती. जवळचा सार्वजनिक निवारा पावसाआधीच बघून ठेवा.