मदत हवी आहे : मामांना गुदाशयाचा कॅन्सर, केमो मुंबईत घ्यावी की बार्शीला?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे मामा (वय ५४) करमाळा तालुक्यात शेती करतात. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. तिथल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम, गोळ्या दिल्या, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून चूर्ण झालं. बोटाने आतून तपासणी एकदाही कुणी केली नाही. पहाटे अंधारात रानात जाणारा माणूस, रक्त किती जातंय ते त्यांना तरी कुठे दिसत होतं? आणि दिसलं तरी मामींना सांगायची लाज. हिमोग्लोबिन ७ वर आलं तेव्हा सोलापूरला कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) झाली. गाठ गुदद्वारापासून ४ सेंमीवर, बायोप्सीत कॅन्सर.

आता परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये जनरलची (कमी खर्चाच्या वर्गातली) फाइल काढली आहे. एमआरआयमध्ये जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार गेलेला दिसतो, सीटीत लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. आधी पाच दिवसांचं रेडिएशन, मग काही महिने केमो, मग ऑपरेशन, असं ठरलंय. गाठ खाली असल्याने शौच गोळा करणारी पोटावरची पिशवी बहुधा कायमची.

रेडिएशन इथेच होईल, त्याची चिंता नाही. प्रश्न केमोचा. आमचं भांडुपचं घर वन रूम किचन, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मामांचा जीव ज्वारीत आणि दोन म्हशींत. ‘दोन डोस झाले की बघू’ असं ते आत्ताच म्हणायला लागलेत, आणि मला भीती त्याचीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये केमो घेता येईल का? टाटाचे डॉक्टर तसं लिहून देतात का? शिवाय सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी केशरी कार्ड आहे, पण त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही.

माझ्या ऑफिसातल्या एकांना ठाण्यात कंपनीच्या चेकअपमध्ये शौचात रक्त सापडलं. कोलोनोस्कोपीत पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) निघाला, तिथेच कापला, गडी लगेच कामावर हजर. मामांच्याच वयाचे आहेत हो. मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. तिथे ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी टपालाने डबी येते, शौचाचा नमुना घालून परत पाठवायचा. गाठ आतड्यापुरती असताना सापडली तर तिथले दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात, दूरवर पसरल्यावर सापडली तर दहातला एखादा. पण ती म्हणते, उपचार फुकट असूनही गरीब वस्त्यांतून डब्या कमी परत येतात, तिथली माणसं जास्त करून आतडं अडल्यावर थेट इमर्जन्सीत येतात आणि जगण्याचं प्रमाणही तिथेच कमी. म्हणजे उपचार फुकट असला तरी माणूस तिथवर कधी पोचतो आणि शेवटपर्यंत टिकतो का, यावरच सगळं. आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाहीच. झालं ते झालं, आता टिकण्याचं बघायचंय.

परळकर_जुना :
ताई, आधी टाटामधल्या समाजसेवा विभागात जा. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हींचं तिथेच कळेल. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. नावाचा घोळ मात्र आजच्या आज मिटवा. आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) दोन्ही कागद दाखवा आणि काय चालेल ते विचारून मगच मामांच्या मुलाला तहसीलला पाठवा.

बार्शीचं म्हणाल तर ते काही आडगावचं केंद्र नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये टाटाने तिथेच सुरू केली. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘केमोचा पूर्ण तक्ता लिहून द्याल का?’ औषधं, डोस, किती दिवसांनी, मधल्या रक्ततपासण्या आणि परत एमआरआयसाठी कधी यायचं, सगळं त्यात हवं. योजनेची मंजुरी दुसऱ्या हॉस्पिटलात कशी होईल तेही आधी विचारा, नाहीतर पहिला डोस खिशातून जातो. जेऊरहून गाडीने येत असाल तर रेल्वेची कॅन्सर सवलत मिळते, सोबतच्या एकालाही. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या.

पिशवीवाला :
माझ्या पोटावर गेली कित्येक वर्षं पिशवी आहे, स्कूटर चालवतो. एकच सांगतो. ऑपरेशनआधी स्टोमा नर्सकडून (पिशवीचं काम बघणारी नर्स) पिशवीच्या जागेची खूण करून घ्या. उभं राहून, बसून आणि वाकून. मामा पायजम्याची नाडी किंवा धोतर जिथे बांधतात ती जागा टळली पाहिजे, नाहीतर खुरपायला बसलं की पिशवी सुटते. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन आहे, तिथे पिशवी वापरणाऱ्याच कुणाशी तरी मामांची गाठ घालून द्या. डॉक्टरांनी दहादा सांगून जे पटत नाही ते अशा माणसाला पाहून पटतं.

वैद्यकीय_पण_सुट्टीवर :
तुमच्या आईंचं काय? सख्ख्या भावंडांनी त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मामांची मुलं चाळिशीला आली की त्यांनीही. मामांचं हिमोग्लोबिन केमोआधी वर आणायला हवं, लोहाची शिरेतून सलाईन देता येईल का ते विचारा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. आईला सांगितलं तर ‘मला काय धाड भरलीये’ म्हणाली, तिला मी बघते. समाजसेवा विभागात सोमवारी जाते. पिशवीवाला, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, मामांशी फोनवर बोलाल का? आणि बार्शीला सध्या कुणी केमो घेत असेल तर त्याच दिवशी घरी सोडतात की मुक्काम पडतो तेवढं कळवा. म्हशींची धार कोण काढणार ते त्यावर ठरेल.