‘एनकोड’साठी ‘कूटबद्ध’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी मी मदतीची पानं मराठीत लिहिते आहे. एका बटणावर ‘यूआरएल एनकोड’ (यूआरएल म्हणजे पानाचा वेबपत्ता) असं होतं, तिथे मी ‘पत्ता कूटबद्ध करा’ लिहिलं. समितीतल्या एका काकांनी लगेच विचारलं, “म्हणजे आता तो दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही ना?” मला उत्तर देता आलं नाही. माझा शब्द चुकला का?

प्रतिसाद

चुकला, ताई. काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

‘कूट’ म्हटलं की आपल्याला लपवलेलं काहीतरी आठवतं. कूटप्रश्न, कूटश्लोक, कूटनीती : वर एक दिसतं आणि आत दुसरंच असतं. (दाण्याचं कूट वेगळं, ते कुटण्यातून आलं.) किल्लीशिवाय उघडत नाही अशा मजकुराला, म्हणजे ‘एन्क्रिप्ट’ केलेल्याला, ‘कूटबद्ध’ चपखल बसतो. पत्त्यात मात्र काहीच लपवलेलं नसतं.

तुमच्याच वाचनालयाचं उदाहरण घ्या. कुणाला ‘कथा & कविता’ शोधायचं आहे आणि तुम्ही त्याची लिंक हाताने जोडून बनवलीत. पत्त्यात काही चिन्हांना कामं नेमून दिलेली आहेत. ‘?’ आला की तिथून पुढे विचारणा सुरू होते, ‘=’ ने नाव आणि त्याची किंमत जोडली जाते, ‘&’ ने एक बाब संपून दुसरी सुरू होते, आणि ‘#’ च्या पुढचं तर सर्व्हरकडे जातच नाही. त्यामुळे तुमचा ‘&’ मजकुरातला आहे की कामावरचा, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. तो ‘कथा’ शोधतो आणि ‘कविता’ ही वेगळीच बाब समजून बाजूला ठेवतो. हीच लिंक व्हॉट्सॅपवर टाकली तर रिकाम्या जागेपाशी निळा रंग संपतो आणि लिंक अर्धीच उघडते.

उपाय असा, की मजकुरातल्या ‘&’ ऐवजी %२६ आणि रिकाम्या जागेऐवजी %२० लिहायचं. टक्क्याची खूण आली की पुढची दोन अक्षरं मिळून एक बाइट (संगणकाच्या साठवणीचं छोटं एकक), हा ठराव. २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकात तो नीट मांडलेला आहे. रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि - . _ ~ ही चार चिन्हं एवढीच, एकूण ६६, बिनधास्त तशीच ठेवता येतात. देवनागरी त्यांत नाही. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत आपलं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, म्हणून ‘म’चं होतं %ई०%ए४%एई (प्रत्यक्षात ही अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजी असतात). ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, दर चिन्हाला नऊ जागा, म्हणजे पत्त्यात ४५ जागा. मराठी विकिपीडियाची लिंक चिकटवली की हातभर टक्के उमटतात ते यामुळे.

शब्द चुकल्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एका फॉर्मच्या लिंकमध्येच अर्जदाराचं नाव आणि आजार जात असे. दोन्ही मराठीत, त्यामुळे सगळं टक्क्यांत दिसायचं. कागदोपत्री नोंद झाली : ‘माहिती कूटबद्ध केलेली आहे.’ मी ती लिंक ब्राउझरमध्ये चिकटवली, तर वरच्या पट्टीत त्या माणसाचा आजार स्वच्छ मराठीत वाचता आला. किल्ली नाही, पासवर्ड नाही. ती लिंक किती जणांना पुढे पाठवली गेली होती, कोण जाणे. नोंद लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला मिळालेल्या शब्दानेच त्याला फसवलं. म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे.

माझी सूचना ‘संकेतन’. नेमकं सांगायचं असेल तिथे ‘टक्का-संकेतन’. बटणावर मात्र परिभाषा नकोच, ‘लिंकसाठी मजकूर तयार करा’ पुरे.

आणखी एक मत

‘संकेतन’ला तरी गुपिताचा वास नाही का? ‘सांकेतिक भाषा’ म्हटलं की हेरच डोळ्यांसमोर येतात. ऑफिसात सगळे ‘एनकोड करून पाठव’ म्हणतात, तेच ठेवा. आपण ‘लिंक’ला तरी कुठे मराठी शब्द शोधतो?

प्रतिसाद

बोलताना ‘एनकोड’च म्हणा, मीही म्हणतो. पण काकांना ‘एनकोड’ने काहीच कळणार नाही, आणि पान त्यांच्यासाठी आहे.

‘संकेत’बद्दल सांगतो. सांकेतिक भाषेतला अर्थ त्याला आहेच. पण ‘रंगभूमीचे संकेत’, ‘काव्यातले संकेत’ म्हणतो तेव्हा गुपित कुठे असतं? नट दोन पावलं चालला की गाव बदललं, हे त्याने आणि प्रेक्षकांनी मिळून मानलेलं असतं. संकेत म्हणजे आपसात ठरलेली गोष्ट. %२० म्हणजे रिकामी जागा, हेही सगळ्यांनी ठरवलेलं आणि छापून जाहीर केलेलं. कूटात एकाला कळतं आणि दुसऱ्याला कळू द्यायचं नसतं. संकेतात दोघांनाही कळलं तरच काम होतं.

‘सुरक्षित’ हा शब्दही या पानावर जपून वापरा. मजकूर वाटेत न मोडता पोचेल एवढंच सांगायचं असेल, तर ‘जसाच्या तसा पोचेल’ असं लिहा.

प्रश्नकर्ती

पटलं, बटण बदललं. आणखी एक अडचण. ‘कऱ्हा’ नदीवरच्या लेखांचं पान दोन जणींनी बनवलं. दिसायला शब्द एकच, पण दोन पत्ते तयार झाले आणि एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे. संकेतन चुकलं का?

प्रतिसाद

संकेतन बरोबर आहे, टंकनातच फरक आहे. हे दुखणं खास आपलं. ‘ऱ्ह’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक, त्याचेही तीन बाइट. पहिल्या तऱ्हेने ‘कऱ्हा’ची पाच चिन्हं होतात आणि पत्त्यात ४५ जागा, दुसरीने सहा चिन्हं आणि ५४. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोड या अक्षरांच्या मानकात एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करायची सोय आहे, पण त्या प्रमाणीकरणानेही हे दोन एक होत नाहीत, म्हणून संकेतनाआधी एकच तऱ्हा ठरवून घ्या. वाऱ्यापासून तऱ्हेपर्यंत अशा प्रत्येक शब्दाला हे लागू.

आणि एकदा संकेतन केलेला मजकूर पुन्हा त्याच बटणातून काढू नका. टक्क्याचंच %२५ होतं आणि %२० चं %२५२० बनून बसतं.

प्रश्नकर्ती

ते झालंच होतं एकदा! आता उलट क्रियेचं बटण राहिलं. ‘डीकोड’ला ‘उलगडा’ चालेल का?

प्रतिसाद

छान आहे. कोडं उलगडतात म्हणून मी क्षणभर अडखळलो, पण साडीची घडीही उलगडतातच, आणि आत साडीच असते. ठेवा.